एनआयएसएम एक्स-ए आणि एक्स-बी: पाठांतर होतं, पण केस स्टडीत गुण जातात. तयारी कशी करावी?

किल्ला तलाव (धागाकर्ता)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात म्युच्युअल फंडाचं काम करणारे बरेच जण आता गुंतवणूक सल्लागाराच्या परीक्षेकडे वळले आहेत. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची व्ही-ए, म्हणजे म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा, झालेली असते; एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, असतो. पण पाटीवर 'वेल्थ अ‍ॅडव्हायझर' लिहायचं तर सेबीची (शेअर बाजाराच्या नियामकाची) नोंदणी लागते, नुसत्या वितरकाला ते नाव लावता येत नाही. आणि नोंदणीसाठी एनआयएसएमचे एक्स-ए व एक्स-बी हे सल्लागाराचे दोन्ही पेपर पास व्हावं लागतं.

व्ही-ए आणि हे दोन पेपर यांत मोठा फरक आहे. व्ही-ए १०० गुणांची, २ तासांची, ५० टक्क्यांना पास, चुकीला गुण वजा नाहीत. एक्स-ए आणि एक्स-बी प्रत्येकी १५० गुणांचे, ३ तासांचे, पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण, आणि चुकीच्या उत्तराला २५ टक्के गुण वजा. सुटे प्रश्न ९० गुणांचे, उरलेले ६० केस स्टडीचे, म्हणजे एखाद्या कुटुंबाची माहिती देऊन त्यावर विचारलेल्या प्रश्नांचे.

जाणकारांनी चार गोष्टींवर लिहावं ही विनंती:
१. काम सांभाळून अभ्यास करणाऱ्याला किती आठवडे लागतात आणि ते कसे वाटावेत?
२. केस स्टडीतली गणितं नेमकी कुठे चुकतात?
३. उत्तर येत नसेल तर अंदाज मारावा की प्रश्न सोडावा?
४. कराचा भाग, त्यातही शेतीउत्पन्नाचा, कसा करावा?

कुंदा

वाचनखूण साठवली. चौथ्याचं उत्तर आधी द्या कुणीतरी, सगळे तिथंच अडतात.

राजहंसगड

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पास-नापास तिथं ठरतं.

केस स्टडीतला चुकीचा पर्याय कधी उगाच टाकलेला नसतो. विद्यार्थी नेहमी जी चूक करतो, त्या चुकीचं उत्तर तिथं छापलेलं असतं. म्हणून गणित करून आलेला आकडा पर्यायांत दिसला म्हणजे बरोबर आलं, असं धरू नका.

एक नमुना देतो. सोडवून उत्तर इथंच लिहा.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला सुपरवायझर, वय ४५. घरखर्च आज महिना ४०,००० रुपये. निवृत्ती ६० व्या वर्षी, त्यानंतर २० वर्षांची सोय हवी. महागाई ६ टक्के, निवृत्तीनंतर गुंतवणुकीवर परतावा ८ टक्के. खर्चाची रक्कम दर वर्षाच्या सुरुवातीला काढली जाईल. ६० व्या वर्षी किती पुंजी हवी?

(अ) १.९० कोटी (आ) १.९२ कोटी (इ) १.९४ कोटी (ई) २.३० कोटी

म्हादईकाठ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. येत नसेल तर सोडा. पाव गुण पाव गुण करत पाच-सहा गुण निघून जातात आणि माणूस ८६ वर अडकतो.

घटप्रभा

म्हादईकाठ, इथं मतापेक्षा हिशेब करून बघू या.

चार पर्याय आहेत आणि काहीच माहीत नाही. बरोबर येण्याची शक्यता चारात एक. सरासरी मिळकत: ०.२५ गुण मिळणार, त्यातून तीन चतुर्थांश वेळा पाव गुण जाणार म्हणजे ०.१८७५ वजा. उरले ०.०६२५. म्हणजे आंधळ्या अंदाजात सरासरी तोटा नाही, पण फायदाही नावालाच. असे १६ प्रश्न ठोकले तर सरासरी १ गुण.

एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, तर मिळकत ०.१७ च्या आसपास जाते. दोन पर्याय कापता आले तर ०.३७५. तेव्हा नियम असा करावा: एकही पर्याय कापता येत नसेल तर सोडा, एक कापता आला तर वेळ पाहून ठरवा, दोन कापता आले तर उत्तर द्यायचंच. दोन गुणांच्या प्रश्नाला वजाबाकी अर्ध्या गुणाची असते, गुणोत्तर तेच राहतं.

म्हादईकाठ

हिशेब पटला. एवढंच म्हणेन की '९० गाठायला मला नक्की येणारे प्रश्न पुरतात का' हे आधी मोजावं. नक्की येणारे ९८ असतील तर आंधळा अंदाज कशाला मारायचा? ८२ असतील तर मारावाच लागेल.

घटप्रभा

मान्य. खात्रीच्या प्रश्नांची संख्या कच्च्या कागदावर रेघा मारत मोजत जावी, शेवटच्या १५ मिनिटांत ती उपयोगी पडते.

मांडे

राजहंसगडांच्या गणिताचं उत्तर (आ) १.९२ कोटी. आठातून सहा गेले, खरा दर (महागाई जाऊन उरणारा परतावा) २ टक्के. बरोबर ना?

चिकोडी रोड

मला (अ) आलं ओ. खरा दर १.८८६८ टक्केच धरलाय. मग चुकलं कुठं?

राजहंसगड

दोघंही एकेका पायरीवर अडकलात. सविस्तर लिहितो.

पहिली पायरी, खर्च फुगवणं. १.०६ चा १५ वा घात २.३९६६. महिना ४०,००० चे ९५,८६२ होतात, वर्षाचे सुमारे ११,५०,३५०.

दुसरी पायरी, खरा दर. ८ मधून ६ वजा करायचे नाहीत. १.०८ ला १.०६ ने भागून १ वजा करायचा, येतात १.८८६८ टक्के. मांडे, तुम्ही वजाबाकी केलीत म्हणून १.९२ आलं. तो पर्याय त्याच चुकीसाठी ठेवलेला आहे.

तिसरी पायरी, रक्कम कधी काढणार. वर्षाच्या शेवटी काढली तर २० वर्षांचा गुणक, म्हणजे वर्षाच्या खर्चाला ज्यानं गुणायचं तो आकडा, १६.५३ येतो, सुरुवातीला काढली तर त्यालाच पुन्हा १.०१८८६८ ने गुणायचं, म्हणजे १६.८४. चिकोडी रोड, तुम्ही शेवटचा गुणाकार सोडलात. ११,५०,३५० गुणिले १६.८४ म्हणजे १.९४ कोटी. उत्तर (इ).

(ई) कुणाला येतं? जो वर्षाच्या खर्चाला थेट २० ने गुणतो त्याला.

प्रश्नातलं 'वर्षाच्या सुरुवातीला' हे दोन शब्द साडेतीन लाखांचे आहेत. इंग्रजी पेपरात ते वाक्याच्या शेवटी, स्वल्पविरामानंतर येतात आणि वाचताना डोळ्यांतून निसटतात. म्हणून केस वाचताना कच्च्या कागदावर चार गोष्टी आधी टिपा: वर्षं किती, दर कोणता, रक्कम महिन्याची की वर्षाची, सुरुवातीला की शेवटी. मगच कॅल्क्युलेटरला हात लावा.

मांडे

आता लख्ख कळलं. वजाबाकीची सवय मोडायला हवी.

उद्यमबाग

कॅल्क्युलेटरवरून थोडं. परीक्षेत कोणता चालतो, स्क्रीनवर काय मिळतं, हे नोंदणीनंतर येणाऱ्या सूचनांत बघा आणि घरी सराव नेमक्या त्याच साधनावर करा. फायनान्शियल कॅल्क्युलेटरवर हात बसवला आणि आत तो नाही मिळाला, तर पहिल्याच केसला घाम फुटतो.

साध्या दुकानातल्या कॅल्क्युलेटरवरही घात काढता येतो. काही यंत्रांवर १.०६ दाबून गुणाकाराचं बटण दोनदा दाबायचं, काहींवर एकदाच, मग 'बरोबर'चं बटण दाबत राहायचं. आधी २ घेऊन तपासा. 'बरोबर' एकदा दाबल्यावर ४ आले पाहिजेत, दुसऱ्यांदा ८. म्हणजे १५ वा घात हवा तर १४ वेळा दाबायचं. पंधरावेळा दाबलं की १६ वा घात येतो आणि ही चूक सर्रास होते. सोपा उपाय: १४ वेळा मोजत बसण्यापेक्षा ४ वेळा दाबून ५ वा घात काढा (१.३३८२), आणि त्याचाच घन करा, म्हणजे तो आकडा घेऊन २ वेळा दाबा. २.३९६६ येतं.

उणे घातासाठी आधी घात काढून त्यानं १ ला भागायचं. उत्तर कागदावर चार दशांशांपर्यंत उतरवून घ्या. मध्येच दोन दशांशांवर आलात तर कोटीच्या आकड्यात फरक दिसायला लागतो.

किल्ला तलाव

उद्यमबाग, पाचव्या घाताची युक्ती फार कामाची. कराबद्दल कुणी लिहील का?

निपाणीकर

लिहितो. हा भाग आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात सोपा जायला हवा, कारण ऊस, तंबाखू आणि जमीन रोज डोळ्यांसमोर असते. पण 'शेतीला कर नाही' एवढंच डोक्यात घट्ट बसलेलं असतं आणि तिथंच घात होतो.

पहिली गोष्ट, शेतीउत्पन्न कशाला म्हणायचं. ऊस विकला, ते शेतीउत्पन्न. शेतजमीन खंडानं दिली, तो खंडही शेतीउत्पन्न. पण ऊस तसाच विकायला बाजार असताना त्याचा गूळ करून विकला, तर गुऱ्हाळाच्या प्रक्रियेतून आलेला नफा त्यात बसत नाही. दूध आणि कोंबड्या तर अजिबात नाहीत. केसमध्ये 'शेती व दुग्धव्यवसाय' असं एकत्र लिहून एकच आकडा देतात किंवा दोन आकडे वेगळे देतात. दुधाचा आकडा उचलून करपात्र उत्पन्नात टाकायचा असतो.

दुसरी गोष्ट, शेतीउत्पन्न करमुक्त असलं तरी दर ठरवताना ते मोजतात. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की हा हिशेब लागू होतो. पायऱ्या तीन:

बाकीचं उत्पन्न अधिक शेतीउत्पन्न यावर कर काढा.
करमुक्त मर्यादा अधिक शेतीउत्पन्न यावर कर काढा.
पहिल्यातून दुसरा वजा करा.

सराव म्हणून: धंद्याचं उत्पन्न १६ लाख, ऊसाचं निव्वळ ४ लाख, नवी करप्रणाली, आर्थिक वर्ष २०२५-२६. एकूण कर किती? उत्तर नंतर देतो, आधी करून बघा.

तिसरी गोष्ट जमीनविक्रीची. ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफा लागत नाही. पण ग्रामीण म्हणजे कुठली? पालिकेच्या हद्दीतली नको. हद्दीबाहेर लोकसंख्येप्रमाणे अंतर: १०,००० ते १ लाख असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर, त्याहून मोठ्या शहराला ८ किलोमीटर. अंतर सरळ हवाई रेषेत मोजायचं, रस्त्यानं नाही. २०११ च्या जनगणनेत बेळगाव साडेचार लाखांवर, म्हणजे ६ किलोमीटर. निपाणी ६० हजारांवर, म्हणजे २ किलोमीटर. कॅन्टोन्मेंट बोर्डाची हद्दही याच व्याख्येत येते, आणि बेळगावला कॅम्प आहे हे विसरू नका.

चिकोडी रोड

हवाई अंतराचं माहीतच नव्हतं. सगळे रस्त्याचं अंतर धरतात इथं.

कुंदा

म्हणजे महापालिकेच्या हद्दीपासून पाच किलोमीटरवरची जमीन विकली आणि उताऱ्यावर ऊस असला, तरी ती शहरी?

निपाणीकर

होय. उताऱ्यावर पीक काय आहे त्यावर हे ठरत नाही, जागा कुठं आहे त्यावर ठरतं. पिकाचा उपयोग दुसरीकडे होतो: आधीची दोन वर्षं ती जमीन शेतीसाठी वापरली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर जुन्या कायद्यात कलम ५४ बी म्हणून असलेली सवलत मिळते. आपल्याकडची पहाणी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) कन्नडमध्ये आणि पलीकडच्या नातेवाइकाचा सातबारा मराठीत असला, तरी आयकराला दोन्ही सारखेच.

कलमांवरून एक सूचना. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. क्रमांक पाठ करण्यात वेळ घालवू नका, नियम पाठ करा. आणि प्रश्न एनआयएसएमच्या वर्कबुकवरून येतात, म्हणून परीक्षेच्या तारखेला चालू असलेली आवृत्तीच वापरा. कुणाकडून तरी आलेली जुनी पीडीएफ सगळ्यात आधी डिलीट करा. इक्विटीचा दीर्घकालीन नफा २३ जुलै २०२४ पासून १.२५ लाखांच्या वर १२.५ टक्के आहे. जुन्या नोट्समध्ये १ लाख आणि १० टक्के असतं, आणि तो आकडा पर्यायांत हमखास दिसतो.

मांडे

थोडं वेगळं बोलतो. ऊस, गूळ, पहाणी हे सगळं आपल्या कामाला ठीक. पण पेपर काढणारा मुंबईत बसून काढतो. तिथल्या केसमध्ये पगारदार नवराबायको, दोन मुलं, गृहकर्ज असंच कुटुंब असणार. मग आपल्या गावच्या उदाहरणांत वेळ का घालवायचा?

राजहंसगड

मांडे, शंका रास्त आहे. पण नियम तेच असतात, फक्त माणसं बदलतात. मुंबईच्या केसमधले आकडे तुमच्या ओळखीचे नसतात, त्यामुळे उत्तर दहापट चुकलं तरी खटकत नाही. गावातल्या ओळखीच्या घराचा हिशेब केला की चूक लगेच डोळ्यात भरते. दामदुप्पट ठेवीचंच बघा. आठ वर्षांत दुप्पट म्हटलं की लोक शंभराला आठाने भागून साडेबारा टक्के म्हणतात. खरा चक्रवाढ दर ९.०५ टक्के आहे. ७२ ला ८ ने भागा, ९ येतात, तोंडी हिशेब झाला. हे एकदा पतपेढीच्या पाटीवर करून पाहिलं की परीक्षेतला 'साधा की चक्रवाढ' हा प्रश्न परत चुकत नाही.

तसंच ८ टक्के तिमाही चक्रवाढ म्हणजे वर्षाला ८.२४ टक्के. १.०२ चा चौथा घात.

म्हादईकाठ

पतपेढीचा विषय निघालाच आहे तर ठेवविम्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण पेपरातही येतं आणि इथल्या घराघरांत लागतं. डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेवविमा संस्थेचा विमा बँकांना आहे, सहकारी बँकाही त्यात आल्या. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे, मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या टिळकवाडी आणि शहापूर शाखांत ठेवी असल्या तरी त्या एकत्र मोजतात. पण पतसंस्था, क्रेडिट सोसायटी, मल्टिस्टेट सोसायटी यांना हा विमा नाही. पाटीवर 'को-ऑपरेटिव्ह' दिसलं की लोक बँक समजतात. सल्लागार होऊ पाहणाऱ्याच्या डोक्यात हा फरक पक्का हवाच.

घटप्रभा

+१. बँकेतल्या ४ लाख ८० हजारांच्या ठेवीवर ४० हजार व्याज साठलेलं असेल, तर संरक्षण ५ लाखांपर्यंतच. वरचे २० हजार उघडे. असा प्रश्न एका ओळीत येतो आणि घाईत चुकतो.

कुंदा

वारसाहक्काचं कुणी सांगेल का? एक्स-बी मध्ये तिथं फार गोंधळ होतो.

घटप्रभा

थोडक्यात तीन गोष्टी.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला आणि मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी, आई आणि वडील आहेत. वाटे किती? चार, प्रत्येकी पाव. आई वारसांच्या पहिल्या वर्गात येते, वडील दुसऱ्या वर्गात, आणि पहिल्या वर्गात कुणी असेल तर दुसऱ्याला वाटा नाही. आपल्याकडे बोलताना 'आई-वडील' जोडीनं म्हणतो, त्या सवयीनं लोक पाच वाटे करतात. लग्न झालेली मुलगी धरायची का, हा प्रश्नच येऊ नये, ती मुलाच्या बरोबरीची. वडिलोपार्जित मालमत्तेतला जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीनं तिलाही मिळाला.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच सांगितलं. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. 'नोंदणी नसेल तर मृत्युपत्र रद्द' असा पर्याय दिसला की तो कापा.

उद्यमबाग

यात विम्याचा एक मुद्दा जोडतो. विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४, कलम ६. कारखानदाराच्या डोक्यावर बँकेचं कर्ज आहे आणि त्यानं स्वतःच्या आयुष्याची पॉलिसी या कायद्याखाली बायकोमुलांच्या नावे काढली, तर ती रक्कम सावकाराला मिळत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच जाहीर करावं लागतं आणि नंतर लाभार्थी बदलता येत नाही. केसमध्ये 'धंद्यावर मोठं कर्ज' हे शब्द दिसले की उत्तर बहुतेक वेळा इकडेच जातं.

चिकोडी रोड

आणि वर्तणूकशास्त्राचं प्रकरण? ती इंग्रजी नावं एकमेकांत मिसळतात हो. अँकरिंग काय, मेंटल अकाउंटिंग काय.

निपाणीकर

अण्णा, त्यांना घरची उदाहरणं चिकटवा. दुधाचं बिल घरखर्चाला आणि उसाचं बिल लग्नाला नि सोन्याला, पैसा एकच पण खिसे दोन: मेंटल अकाउंटिंग. शेजारच्या प्लॉटला गेल्या साली जो भाव लागला त्याच्याखाली विकणारच नाही: अँकरिंग. नफ्यातला शेअर लगेच विकायचा आणि तोट्यातला वर्षानुवर्षं सांभाळायचा: डिस्पोझिशन इफेक्ट. गल्लीतल्या सगळ्यांनी घेतलं म्हणून आपणही घ्यायचं: हर्डिंग. चार ओळी वहीत लिहा, प्रकरण संपलं.

मांडे

अवांतर होईल, पण सीएफपी (आर्थिक नियोजनकाराचं प्रमाणपत्र) केलं तर हे दोन पेपर द्यावे लागतात का? आणि सीएफए (गुंतवणूक विश्लेषकाची परीक्षा)?

राजहंसगड

सीएफपी हे एफपीएसबी या आर्थिक नियोजनाच्या संस्थेचं प्रमाणपत्र, सेबीची नोंदणी वेगळी. नोंदणीसाठी एनआयएसएमचे पेपर द्यावेच लागतात. सीएफपीला परीक्षेशिवाय अनुभवही लागतो: देखरेखीखाली १ वर्ष, नाहीतर ३ वर्षं. सीएफएचा आवाका फार मोठा. पहिल्या पातळीलाच १८० प्रश्न, सव्वादोन तासांची दोन सत्रं. २०२५ पासून तिसऱ्या पातळीवर प्रायव्हेट वेल्थ हा वेगळा मार्ग निवडता येतो, त्यामुळे आपल्या विषयाच्या तो जवळ आलाय. त्याला नोंदणीच्या वेळी चालू पासपोर्ट लागतो आणि कॅल्क्युलेटर ठरावीकच: बीए टू प्लस किंवा एचपी १२ सी. इथल्या घरगुती ग्राहकांसाठी काम करायचं असेल तर आधी एक्स-ए, एक्स-बी. सेबीनं डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीत अनुभवाची अट काढली आणि नेटवर्थऐवजी ठेव आणली, १५० ग्राहकांपर्यंत १ लाख. त्यामुळे छोट्या गावातून नोंदणी घेणं आता आवाक्यात आलंय.

म्हादईकाठ

नावाच्या स्पेलिंगबद्दल कुणीच लिहिलं नाही. आपल्या भागात ही खरी अडचण आहे. मराठी शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण हे नाव इंग्रजीत 'ळ' नंतर 'ए' न लावता लिहितात. कन्नडवरून इंग्रजीत आलेल्या कागदांवर तोच 'ए' येतो. वडिलांचं नाव मधे असतं किंवा नसतं, आडनाव कधी पुढे कधी मागे. पॅनवर एक आणि आधारवर दुसरं, असं असेल तर परीक्षेची तारीख घेण्याआधी दुरुस्ती करून घ्या. परीक्षेची नोंदणी पॅनवरून होते. दाखवायचं ओळखपत्र आणि नोंदणीतलं नाव एक हवं, नाहीतर दारातच अडवतात. दुरुस्तीसाठी महिनाभर हाताशी ठेवा.

कोल्हापूर किंवा हुबळी केंद्र मिळालं तर दोन्हीकडे शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. सकाळचा स्लॉट टाळा, दुपारचा घ्या.

किल्ला तलाव

फार मोलाची माहिती मिळतेय, सगळ्यांचे आभार. पहिला प्रश्न मात्र राहिलाच. आठवडे किती?

राजहंसगड

रोज दीड तास आणि रविवारी चार तास मिळत असतील तर एका पेपराला सात-आठ आठवडे. दोन्ही पेपर एकाच महिन्यात लावू नका.

एक्स-ए साठी पहिले तीन आठवडे वर्कबुक एकदा सलग वाचा, अधोरेखित न करता. घाई इथंच नडते: लोक वाचन अर्धवट टाकून ऑनलाइन प्रश्नसंचाच्या मागे लागतात, आणि त्यातली निम्मी उत्तरं जुन्या नियमांची असतात. पुढचे तीन आठवडे फक्त गणितं आणि उत्पादनं. पोर्टफोलिओची मोजमापं एकाच आकड्यांवर करून ठेवा: फंडाचा परतावा १४, जोखीममुक्त दर ६, प्रमाण विचलन (परताव्यातला चढउतार) १६, बीटा (बाजाराच्या तुलनेत चढउतार) १.२, बाजाराचा परतावा १२. जोखीममुक्त दराच्या वरचे ८ भागिले प्रमाण विचलन म्हणजे शार्प ०.५, तेच भागिले बीटा म्हणजे ट्रेनर ६.६७, बीटाप्रमाणे अपेक्षित परतावा १३.२, म्हणून त्याच्या वरचा अल्फा ०.८. हे पाच आकडे पाठ असले की सूत्र विसरलं तरी मागे जाऊन जुळवता येतं. सातवा आठवडा सेबीचे नियम आणि नीतिमत्ता. हा भाग कंटाळवाणा, पण गुण इथंच स्वस्त मिळतात. आठवड्याला एक तरी पूर्ण ३ तासांचा सराव, मध्ये न उठता.

एक्स-बी ला क्रम उलटा करा. कर आणि निवृत्ती आधी, विमा आणि वारसा मध्ये, वर्तणूक शेवटी.

पेपराच्या दिवशी सुट्या प्रश्नांना ८५ मिनिटं, केसना ८० मिनिटं, उरलेली १५ मागे ठेवलेल्या प्रश्नांना. केसमधले प्रश्न एकमेकांवर अवलंबून असतील तर पहिल्याचं उत्तर दोनदा तपासा, नाहीतर एका चुकीपायी चार जातात.

घटप्रभा

वेळेबद्दल थोडा मतभेद. केस आधी घ्याव्यात असं माझं म्हणणं. डोकं ताजं असताना गणित बरं होतं.

राजहंसगड

ज्याचं गणित पक्कं त्यानं तसं करावं. कच्चं असेल तर पहिल्या केसवर अडकून अर्धा तास जातो आणि सोपे ३० प्रश्न वाचायचेच राहतात. सरावात दोन्ही प्रकारे एकेक पेपर सोडवून कुठे जास्त गुण येतात ते बघा.

कुंदा

निपाणीकर, तुमचं गणित केलं. २० लाखांवर कर: २०,००० अधिक ४०,००० अधिक ६०,००० अधिक ८०,०००, म्हणजे २ लाख. ४ लाखांची मर्यादा अधिक ४ लाख ऊस, म्हणजे ८ लाखांवर २०,०००. वजा केल्यावर १,८०,०००. हेच ना उत्तर?

चिकोडी रोड

माझंपण तेच. ऊस नसता तर १६ लाखांवर १,२०,००० बसले असते. म्हणजे 'करमुक्त' उसापायी ६०,००० वाढले की!

निपाणीकर

पायऱ्या दोघांच्याही अचूक. पण प्रश्न 'एकूण कर किती' असा होता. ४ टक्के उपकर राहिला, ७,२०० रुपये. उत्तर १,८७,२००. पेपरात १,८०,००० हा पर्याय (अ) ला असेल.